पान दोनशे बारा

आमच्या सरांना शेकडो आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप्स, तोंडपाठ होत्या आणि त्यांतल्या जेमतेम वीस-पंचवीस त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. बाकीच्यांशी त्यांचं नातं लग्न जुळवणाऱ्या गुरुजींसारखं होतं. पत्रिका ठाऊक, स्वभाव ठाऊक, कुणाचं कुणाशी पटेल तेही ठाऊक, फक्त मुलगी कधी समोर आलेली नाही.

जळगावच्या बाहेर, नशिराबादच्या रस्त्याला एका पत्र्याच्या इमारतीत आमचं तंत्रनिकेतन होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सर तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. प्रयोगशाळा म्हणजे व्हॉल्व्हचे सहा रेडिओ, दोन ऑसिलोस्कोप, त्यांतला एक फक्त तपासणीच्या दिवशी टेबलावर ठेवण्यापुरता, आणि एक कुलपातलं कपाट. त्या कपाटात सरांचं डेटाबुक असायचं.

डेटाबुक म्हणजे आयसी बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या मालाची जाडजूड यादी. टेलिफोन एक्सचेंजसाठी, मोडेमसाठी, कॉम्प्युटरसाठी कंपनी जे जे बनवायची, ते सगळं त्यात असायचं. प्रत्येक आयसीला चार-पाच पानं: तिला किती पाय, कुठल्या पायाला काय जोडायचं, किती व्होल्ट सोसतात, किती उष्णतेत टिकते. मागणाऱ्याला कंपनी ते फुकट पाठवायची. आमच्या विभागात आणखी दोघांनी मागवलं होतं. त्यांतल्या एकाचं टेबलफॅनखाली होतं आणि दुसऱ्याचं दार अडवायला. सर मात्र हात धुऊन, पुसून, मगच ते उघडायचे. त्याला त्यांनी सुताच्या गिरणीच्या कॅलेंडरचं कव्हर घातलं होतं.

रोज सकाळी पहिल्या तासाआधी ते एक पान वाचायचे, आणि तेही खालून वर. आधी बारीक अक्षरातली तळटीप, मग कोष्टक, सगळ्यात शेवटी वर मोठ्या अक्षरात लिहिलेले गुण. गुण काय, कुणीही स्वतःचे सांगतो, खरं काय ते तळटिपेत असतं, असं त्यांचं म्हणणं. नव्या शिक्षकाची ओळख करून दिली तरी त्याच्या पदव्या ऐकून घेतल्यावर सर थांबून विचारायचे, ‘‘आणि तळटीप?’’ तो बिचारा आमच्या तोंडाकडे बघायचा.

माणसांनाही ते डेटाबुकातली जागा द्यायचे. आमचे प्राचार्य म्हणजे वीज गेली की सगळं विसरणारी मेमरी. सकाळी कबूल केलेलं दुपारी लोडशेडिंगनंतर त्यांना आठवायचं नाही. हेडक्लार्क म्हणजे एकदाच लिहिता येते ती मेमरी. त्यांच्या डोक्यात जे काही भरलं गेलं होतं ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, पुढे कुणालाही ते बदलता आलं नाही. मला त्यांनी बरेच दिवस काहीच म्हटलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘तुमच्या पानावर अजून ‘प्राथमिक माहिती’ असा शिक्का आहे. कंपनीलाच अजून खात्री नाही.’’ मला राग आला होता, कारण ते खरं होतं.

मे महिन्यात जळगाव तापायचं तेव्हा सर पत्र्याखाली भिंतीवरचा पारा बघायचे आणि वर्गात येऊन सांगायचे, ‘‘सत्तर अंशांपर्यंत आयसी चालते. अजून आपण मर्यादेत आहोत.’’ मग घामानं निथळणाऱ्या पोरांना ते शिकवायला लागायचे. पोरं हसायची, पण उठून जायची नाहीत.

सगळ्या यादीत त्यांचा जीव होता पान दोनशे बारावर. नंबरानं त्यांनी त्या आयसीला कधी हाक मारली नाही, ‘पान दोनशे बारा’ हेच तिचं नाव. पुढच्या आवृत्तीत ती दोनशे एकोणचाळीसवर गेली, तरी सरांसाठी ती दोनशे बाराच राहिली. ती टेलिफोनच्या एक्सचेंजमधली आयसी. बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकडे करायचे, ते पुढे पाठवायचे, आणि आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे तिचं काम. सर भडगावकडचे, गिरणेकाठच्या खेड्यातले. त्यांच्या गावात टपाल कचेरीत एकच फोन होता, आणि त्यावर जळगाव मागितलं की माणूस दुपारचं जेवून परत येऊन बसायचा. ते वर्गात म्हणायचे, ‘‘ही आयसी गावोगाव गेली ना, की माझी म्हातारी आई माझ्याशी न ओरडता बोलेल.’’ एवढं एकच वाक्य ते डेटाबुकाच्या बाहेरचं बोलायचे.

डेटाबुकाच्या शेवटी दोन कार्डं जोडलेली असायची. नमुना हवा असेल तर आयसीचा नंबर, आपलं नाव, हुद्दा आणि वर्षाला किती लागतील तो आकडा लिहून कार्ड कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला पाठवायचं. सर दरवर्षी एक कार्ड भरायचे. वर्षाची गरज या रकान्यात ते लिहायचे: एक. कधी कुणी सुचवलं, की सर जरा वाढवून लिहा, तर त्यांना प्रश्नच कळायचा नाही. गरज एकची आहे, मग एक. कंपनी मोठी शहाणी, एकवाल्याला ती पुढचं डेटाबुक पाठवायची आणि नमुना पाठवायची नाही.

इथं माझी एक खोड सांगायला हवी. मी त्या सुमारास नाशिकला महिनाभर कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो. तिथं शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होऊ नये म्हणून शून्यावर तिरकी रेघ मारायला शिकवलं होतं. कोर्समधलं बाकी फारसं काही माझ्या लक्षात राहिलं नाही, पण ती रेघ राहिली. मी सगळीकडे शून्यं चिरायला लागलो, प्रयोगशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्येसुद्धा. त्यावर सरांची सही लागायची. ते सही करता करता म्हणायचे, ‘‘शून्याचं पोट फाडू नका हो. आत काही नसतं.’’

तर एका वर्षी सरांनी नेहमीप्रमाणे ‘एक’ लिहून कार्ड माझ्याकडे टपालात टाकायला दिलं. डेटाबुकात उरलेलं दुसरं कार्ड मी हळूच फाडून घेतलं. त्यावर सरांचं नाव लिहिलं, हुद्दा ‘मुख्य अभियंता, संशोधन विभाग’ असा लिहिला, गरज आकड्यात लिहिली, दहा हजार, आणि खाली सरांची सही ठोकली. हा विनोद होता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विनोद अर्धाच होता. उरलेलं अर्धं म्हणजे मला त्या माणसाची दया यायची आणि त्या दयेचा वैतागही यायचा. मी ते कार्ड पाठवलं आणि सरांचं फाडून टाकलं.

महिन्याभरात रजिस्टर पार्सल आलं. सरांच्या घरी आलं, कारण पत्ता मी घरचा दिला होता. आत काळ्या स्पंजमध्ये पाय रोवून बसलेल्या चार आयसी, पान दोनशे बारा. सोबत पत्र: आपल्या दहा हजारांच्या वार्षिक गरजेबद्दल आभारी आहोत, आमचा प्रतिनिधी लवकरच भेटीस येईल.

सरांनी दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं. पार्सल उघडलेलं होतं, पण आतलं झाकण तसंच होतं. ते आनंदानं वेडे झाले असतील अशा कल्पनेनं मी गेलो होतो. ते पत्र हातात घेऊन खुर्चीत बसले होते आणि समोर त्यांचे थोरले भाऊ, नाना, चहा पीत होते. नाना कापूस विकायला जळगावात आले होते.

‘‘मी एक लिहिलं होतं,’’ सर मला म्हणाले.

मी म्हणालो, कंपनीच्या वाचण्यात चूक झाली असेल. हे बोलताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

नानांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘पुडकं कधी उनं?’’ काल संध्याकाळी, असं सर म्हणाले. नाना म्हणाले, ‘‘रातभर नमुना घरमा ऱ्हायना. मंग सौदा व्हयना, भाऊ.’’

नमुना रात्रभर घरात राहिला की सौदा झाला, हा त्यांच्या घरचा कायदा होता. व्यापारी कापूस बघायला आला की ढिगातून मूठभर काढून बघतो. ती मूठ परत ढिगात पडली तर दोघंही मोकळे. ती रुमालात बांधून नेली आणि तिनं रात्र काढली, तर माल घ्यायचाच. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका व्यापाऱ्यानं नमुना नेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन, माझा ऐकण्यात आकडा चुकला, असं सांगितलं. वडिलांनी पुन्हा त्याला अंगणात पाय ठेवू दिला नाही. सर आता अगदी त्या व्यापाऱ्याच्या जागी होते. मी म्हटलं, सर, कंपनीला लिहून टाका की आकडा चुकला. त्यांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. नमुना घेऊन मग आकडा चुकला म्हणणं, हे त्यांच्या घरातल्या माणसाकडून होणार नव्हतं.

त्यांनी तो डबा लाल फितीनं बांधला आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. ज्या आयसीला बघायला हा माणूस इतकी वर्षं झुरला, तिचं झाकण त्यांनी उचललं नाही. सौदा पुरा झाल्याशिवाय नमुना वापरायचा नसतो, एवढंच म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी सर पिशवीत डेटाबुक घालून एस.टी.नं निघायला लागले. खानदेशात पान दोनशे बाराची दहा हजार गरज शोधून काढायची होती. भुसावळला रेल्वेच्या टेलिफोनवाल्या साहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना विम्याचे एजंट समजून दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा चहा पाजला आणि बघायला म्हणून दोन सांगितल्या. धुळ्याच्या एका कॉलेजनं प्रयोगांसाठी सहा सांगितल्या. आमच्याकडे बारा लागतील असं सरांनी स्वतःच ठरवलं. धुळ्यात लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा एक गृहस्थ होता, तो उदार मनानं म्हणाला, सर, माझ्या नावावर पाचशे लिहा. कशाला लागतील, असं सरांनी विचारलं. तो म्हणाला, लागत नाहीत, पण तुम्ही एवढ्या उन्हात आलात. सरांनी ते पाचशे लिहिले नाहीत. त्याला त्या आयसीला लाऊडस्पीकर का जोडता येणार नाही हे त्यांनी तासभर समजावून सांगितलं आणि शेवटच्या गाडीनं परत आले.

दोन महिन्यांत आकडा झाला वीस.

मी तीनदा खरं सांगायला गेलो. पहिल्यांदा सर जेवत होते. दुसऱ्यांदा त्यांना ऊन लागून ताप होता, आणि ती एस.टी.ची खेप माझ्यामुळे झाली होती, म्हणून जीभ रेटेना. तिसऱ्यांदा त्यांनी माझं बोलणं सुरू व्हायच्या आत विचारलं, ‘‘पुढच्या रविवारी तुम्ही येता का माझ्याबरोबर?’’ मी गेलो. दिवसभर त्यांच्या मागे पिशवी घेऊन हिंडलो आणि ते प्रायश्चित्त झालं अशी स्वतःची समजूत घातली. भेकड माणसाची समजूत फार लवकर पटते.

मे महिन्यात प्रतिनिधी आला. मुंबईचा तरुण पोरगा, गळ्यात टाय, आणि आधी सरांच्या घरी, मग संशोधन विभाग कुठाय म्हणून विचारत तो आमच्या पत्र्याखाली येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. सरांनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि अजून आपण मर्यादेत आहोत असं सांगून धीर दिला. मी दारात उभा होतो. 

त्यानं फाईल उघडली. वर ते कार्डच होतं. सरांनी चष्मा लावला, कार्ड हातात घेतलं आणि वाचायला लागले. त्यांच्या सवयीनं, खालून वर. आधी सही, मग आकडा, मग हुद्दा, मग नाव. त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी कार्ड त्याला परत दिलं.

‘‘बरोबर आहे,’’ सर म्हणाले. ‘‘माझंच आहे.’’

 म्हाताऱ्याला कळलं नाही, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं, आणि ते इथं लिहिताना लाज वाटते.

मग सरांनी वही काढली आणि त्या पोरासमोर हिशोब दिला: बारा, सहा, दोन. उरलेल्या नऊ हजार नऊशे ऐंशींची तारीख आज सांगता येत नाही, पण शब्द दिला आहे तो राहील. पोराला आधी कळेना, मग तो हसायला लागला. म्हणाला, सर, कशाला मनाला लावून घेता, दहा हजार सगळेच लिहितात. न लिहिलं तर नमुना मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे.

सर जळगावात कधी घरच्या बोलीत बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. ‘‘बठ्ठा जन खोटं लिखतस?’’

बठ्ठा जन म्हणजे सगळेच जण, पण पोराला ते समजलं नाही. सरांनी कपाटातून लाल फितीचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला आणि परत न्या म्हणाले. तो अडचणीत पडला. नमुना द्यायचा छापील कागद त्याच्याकडे होता, परत घ्यायचा नव्हता. आजवर कुणी परत दिलाच नव्हता. डबा तिथंच ठेवून तो भुसावळच्या गाडीला गेला.

नमुना पुन्हा घरात राहिला. सरांच्या दृष्टीनं सौदा दुसऱ्यांदा पक्का झाला.

पुढे दोन वर्षांनी मी पुण्याला एका कारखान्यात लागलो. सरांनी निरोपाला फक्त एक प्रश्न विचारला, त्या कारखान्यात काय बनतं. मी सांगितलं, वजनकाटे. ते जरा हिरमुसले. मग दर दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड यायला लागलं. मलाच नाही, तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला यायचं. मजकूर दोन ओळींचा: ‘आपल्याकडे पान दोनशे बारा लागते का? लागत असल्यास खरा आकडा कळवावा.’ आमची पोरं पुणे, नाशिक, बंगळूर अशी पांगली होती. भेटलो की त्या कार्डावरून हसणं व्हायचं. कुणी चाळीस कळवायचं, कुणी दीडशे. मीही हसायचो. उत्तर मात्र एकाही कार्डाला पाठवलं नाही. काय लिहिणार होतो? वजनकाट्यात ती लागत नव्हती, हे कारण सोयीचं होतं.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मी वजनकाटे सोडून गावोगावच्या टेलिफोन एक्सचेंजची सर्किट-कार्डं बनवणाऱ्या कारखान्यात गेलो. पहिल्याच आठवड्यात भांडारात एका लांब प्लॅस्टिकच्या नळीत ओळीनं बसलेल्या आयसी दिसल्या. नंबर वाचला आणि मी तिथंच खोक्यावर बसलो. पान दोनशे बारा. एका कार्डात आठ. भांडारवाला म्हणाला, संपवून टाका लवकर, कंपनी ही बनवणं बंद करणार आहे.

ते वर्ष संपेपर्यंत मी थांबलो. मग भांडारवाल्याला बसवून वापरलेल्या आयसी तीनदा मोजून घेतल्या. एकही वाढवून लिहायची नव्हती. निघाल्या नऊ हजार सहाशे. सरांना पत्र लिहिलं. कारखान्याचं नाव, कुठल्या कुठल्या भागात कार्डं गेली ते, त्यांत भडगावकडची दोन गावंही होती, आणि खाली आकडा. कबुली लिहायची असं ठरवलं होतं. दोन कागद फाडले आणि शेवटी नुसता आकडाच पाठवला. मनात म्हटलं, हीच कबुली, त्यांना कळायचं कारण नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरलेलं होतं, सर तेव्हा निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते.

‘आपला आकडा मिळाला. माझ्या वहीत एक हजार एकशे बारा होते. एकूण दहा हजार सातशे बारा. सौदा पुरा झाला, नानांना सांगितले. आज सकाळी हात धुऊन नमुना उघडला. छान आहे. चौघींचेही पाय सरळ आहेत. गावात फोन आला आहे, आई ऐकायला नाही.

आपण शून्याचे पोट अजून फाडता. त्या कार्डावर चार होती.’